निर्मलामावशींची तक्रार

निर्मलामावशी तक्रार करायला आल्या की खुर्चीवर बसत नसत. "बसलं की माणूस विनंती करायला लागतो, वकीलबाई. तक्रार उभ्यानं करायची," असं म्हणत त्या उल्हासनगरातल्या माझ्या इवल्याशा ऑफिसात पंख्याखाली उभ्या राहायच्या. समोरची वडीलधारी बाई उभी असताना मलाही बसवायचं नाही. त्यामुळे आमच्या सगळ्या भेटी बसची वाट बघणाऱ्या दोन बायकांसारख्या झाल्या. मावशींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वकिलीत मला पुष्कळ पक्षकार भेटले, पण इतकं भांडखोर आणि इतकं लोभस दुसरं कुणी नाही.

मावशी अंबरनाथच्या मोरिवलीत राहायच्या आणि एका औषध कंपनीत पॅकिंगला होत्या. तिथंच कामाला असलेली त्यांची शेजारीण काविळीनं गेली. तिचा नवरा आधीच परागंदा झालेला. तिची चार वर्षांची सोनल मावशींकडे जेवायला आली आणि तिथंच राहिली. कागदपत्रं करायची असतात हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सोनल पाचवीत गेली, नव्या शाळेनं पालक कोण म्हणून विचारलं, आणि प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे गेलं.

मदतीला मावशींच्या बुद्धविहारातल्या बायका गेल्या आणि तिथंच घोळ झाला. परक्या बाईकडे पोर ठेवणार नाहीत या धास्तीनं एकीनं सांगितलं, सोनल मावशींच्या बहिणीची. दुसरीनं सांगितलं, भावाची. मावशींना ना बहीण, ना भाऊ. समितीला शंका आली, की मूल कुठून पळवून तर आणलेलं नाही? त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. सोनलची रवानगी बालगृहात झाली.

मग मावशींनी एक ऑफिस सोडलं नाही. नगरसेवक झाले, तहसीलदार झाले, कलेक्टर झाले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं: समितीच्या निर्णयात आम्ही पडू शकत नाही, कोर्टात जा. "कोर्टात चोर जातात," मावशी मला म्हणाल्या, "मी काय चोरलंय?" भेटीच्या दिवशी त्या बालगृहात सुकटीची चटणी आणि भाकरी घेऊन जायच्या. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई होती, तर त्याचीही तक्रार त्यांनी केलीच. एकदा तिथल्या अधीक्षकबाईंना म्हणाल्या, "तुम्ही पोरीला चांगलं ठेवलंय, मी नाही म्हणत नाही. पण ती झोपताना माझा कान धरून झोपते. इथं कुणाचा धरते?"

शेवटी आम्ही कल्याणच्या सेशन कोर्टात अपील केलं. मी मावशींना बजावून ठेवलं होतं, जजसाहेबांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. साहेबांनी नेमकं विचारलं, "मुलीशी तुमचं नातं काय?"

"काही नाही, साहेब."

मी मध्ये बोलायला गेले, पण मावशी थांबल्या नाहीत.

"दर रविवारी विहारात पंचशील म्हणते मी. खोटं बोलणार नाही म्हणते. अन् समितीत आमच्या बायका खोटं बोलल्या तेव्हा मी गप बसले. माझी चूक. शिक्षा मला द्या, पोरीला कशाला? तिला तर कुणी काही विचारलंच नाही."

साहेबांनी मुलगी परत दिली नाही. निर्णय समितीनंच घ्यायचा, पण मुलीचं ऐकून आणि घर पाहून घ्या, असं सांगून त्यांनी प्रकरण परत पाठवलं. समितीनंही मन मोठं केलं. मोरिवलीला येऊन घर पाहिलं, सोनलचं म्हणणं ऐकलं, आणि कायद्याच्या भाषेत 'योग्य व्यक्ती' म्हणून तिचा ताबा मावशींना दिला, तिला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. "योग्य व्यक्ती," मावशी गल्लीभर ऐकवायच्या. "आमच्या नवऱ्यानं जन्मात कधी म्हटलं नव्हतं."

सोनल अठराची झाली त्या आठवड्यात दोघी माझ्याकडे आल्या. मावशींचा चेहरा उतरला होता. "मुदत संपली, वकीलबाई. आता परत कोर्टात जायचं का?"

"नाही मावशी. आता तिला कुणी नेऊ शकत नाही. कुठं राहायचं ते तिचं तीच ठरवणार."

"म्हणजे तिच्या मनात आलं तर ती जाऊ शकते?"

"हो."

"मग तक्रार कुणाकडं करायची?"

सोनल दारात चपला घालत होती. "माझ्याकडं कर," ती म्हणाली. "चल आता आई, कुकर लावायचाय."

सेशन कोर्टात न डगमगलेल्या मावशी माझ्यासमोर घळाघळा रडल्या, आणि रडत रडतच तिच्या मागं निघाल्या.