ग्वात आजीच्या भावाचं नाक

आमच्या गावात ग्वात आजीशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. एक्क्याऐंशी वर्षांची, मूठभर बाई. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, मत कुणाला दिलं ते कधी सांगितलं नाही. सकाळी बदकं सोडते, दुपारी अंगणात भुईमूग फोडत बसते.

तिच्या रस्त्याकडच्या भिंतीवर सहा वर्षांपूर्वी गावानं एक चित्र काढवून घेतलं. चित्र तिच्या थोरल्या भावाचं, बुन-हिंगचं. तो गावात वाचनमंडळ चालवायचा. आमच्या बेटावर लष्करी कायदा होता, पुस्तकं वाचणाऱ्यांवरही सरकारचा संशय असायचा; त्या दिवसांत शिपायांनी त्याला धरून नेलं. तो परतला नाही. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. आईनं भीतीपोटी त्याचे सगळे फोटो चुलीत घातले.

मग चेहरा काढायचा कुणाचा? आमचे सरपंच श्ये म्हणाले, एकाच विहिरीचं पाणी प्यालेली माणसं आम्ही, माझ्यावरून काढा. दोन दिवस ते मूठ उगारून खुर्चीवर बसले. चित्र पुरं झालं आणि गाव बघतच राहिलं. अंग हुतात्म्याचं, मधोमध नाक मात्र सरपंचांचं, लसणाच्या गड्ड्यासारखं. दुसऱ्या दिवशी आजीनं भिंतीच्या मुळाशी घोसाळ्याचं बी टोचलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात वेल चढतो आणि चित्र पानांआड जातं.

यंदा कोरियातून पत्र आलं. तिथल्या एका कॉलेजची अकरा मुलंमुली, नाम आडनावाच्या शिक्षिकेबरोबर, लष्करी कायद्याच्या काळाचा इतिहास आणि गावोगावची भिंतचित्रं अभ्यासायला येणार होती. सरपंच विळा घेऊन आजीच्या दारात हजर.

आजी भुईमुगावरची नजर न उचलता म्हणाली, "वेलाला हात लावायचा तर आधी भिंतीवरचं तुझं नाक उतरव."

सरपंच विळ्यासकट परतले.

मुलं आली. सरपंचांनी पानांकडे बोट दाखवत अर्धा तास भाषण केलं. सोल-आ नावाच्या मुलीला चिनी येत होती. ती बोलायची, मी ते आमच्या बोलीत आजीला सांगायचो. तिनं विचारलं, तुमचा भाऊ दिसायला कसा होता?

आम्ही सगळ्यांनी आजन्म विचारलं होतं, त्याला कसं नेलं, कुणी नेलं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

आजी सांगत गेली, मुलं अंगणात बसून कागदावर काढत गेली; पसंत पडेल तो चेहरा भिंतीवर नव्यानं रंगवायचा होता. एक चेहरा पोस्टमनसारखा झाला, दुसरा साबण विकणाऱ्यासारखा. तिसरा बघून आजी म्हणाली, हा माझी बदकं चोरील. सरपंच मागून डोकावून नाक जरा रुंद करायला सुचवत होते. संध्याकाळपर्यंत एकही चित्र पसंत पडलं नाही. दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा भुईमूग फोडायला बसली. चेहरा सांगता आला नाही, तर सरपंचांचं नाकच कायम राहणार, हे तिला कळत होतं. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "खरं सांगू? त्याचं तोंड मला आठवतच नाही. मी कायम त्याच्या सायकलवर मागं बसायचे. पाठ तेवढी डोळे मिटूनही दिसते."

मी सांगितलं तसं सोल-आ उठून उभी राहिली. "मग पाठच काढू या."

आजीनं सरपंचांचा विळा मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं वेल कापला. घोसाळी मुलांनी वाटून घेतली. भिंत पांढरी झाली, आणि पुढचे तीन दिवस मुलं रंगवत होती, आजी समोर उभी राहून सांगत होती. डावा कान बाहेर आलेला, मानेवरचे केस वाकडे, कारण आईच कापायची. खांद्याखालच्या ठिगळाचा निळा ठरायला एक सकाळ गेली.

"मान खाली घे त्याची. रस्त्यात म्हशी असायच्या. ताठ मानेनं चालवली असती तर दोघंही शेणात पडलो असतो."

सरपंचांनी चाचरत विचारलं, थोडं तोंड वळवलेलं दाखवता येईल का. आजी म्हणाली, "तो पुढं बघतोय. तुला बघायचंच असेल तर भिंतीच्या आत जा."

शेवटच्या दिवशी मुलांना सायकलच्या कॅरिअरवर छोटी ग्वातही हवी होती. माझं तोंड मला तेव्हा कुठं दिसत होतं, आजी म्हणाली. माझे पाय तेवढे काढा. सोल-आनं काढले, आजीनं दोनदा पुसायला लावले. ते फार लांब झाले होते. तिचे तर तेव्हा जमिनीला टेकतसुद्धा नव्हते.