चारातला एक

मी शहाणपणा दाखवायला गेलो आणि जन्माचं भय विकत घेतलं. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. मुंबईत कॉलेजात सायन्स शिकत होतो, घरातला पहिलाच शिकलेला, तेव्हा शिंगं फुटलेलीच होती. थोरली बहीण दिघीला आमच्या आत्याच्याच मुलाला दिलेली. त्यांचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. शिमग्याचा ढोल दारात वाजत असताना तो ओट्यावर गाढ झोपून राहिला, तेव्हा सगळ्यांना काय ते कळलं.

दोष अर्थात बहिणीचा. पोटुशी असताना तिने ग्रहणात मासळी कापली, असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. बहीणही तेच धरून बसली होती आणि दुसरं मूल नकोच म्हणायची. मला ते बघवेना.

मे महिन्याच्या सुट्टीत ती बोंबील वाळत घालत होती, तिथे तिला बसवलं आणि वर्गात शिकलेला आनुवंशिकतेचा वाटाण्याचा धडा शिंपल्यांवर करून दाखवला. "आजोबांचा भाऊ मुका होता ना? हे तिथून आलंय. तुझ्याकडे एक चांगली शिंपली, एक फुटकी. भावोजीही त्याच आजोबांचे नातू, त्यांच्याकडेही तशीच जोडी. मूल दोघांकडून एकेक उचलतं. एक जरी चांगली आली तरी ती फुटकीला झाकते. दोन्ही फुटक्या आल्या तरच बहिरं." वाळूत चार घरं आखली. तीन चांगली, एक वाईट. ग्रहणाचा काही संबंध नाही.

ती त्या घरांकडे बघत राहिली, मग हसली. "म्हंजे चारातला एक व्हऊन गेला. आता ऱ्हायले ते तीन चांगले."

वर्षभरात पहिल्यांदा हसली होती. मी गप्प बसलो. दर मुलाच्या वेळी शिंपल्या नव्याने उचलल्या जातात, धोका पुन्हा चारात एक असतोच, हे सांगायचं उद्यावर टाकलं आणि परवाच्या लाँचने मुंबईला निघून गेलो.

पावसाळ्यात घरचं पत्र आलं, बहिणीला दिवस गेलेत. हे मूल माझ्या शब्दावर येत होतं. फळ्यावर चार घरांची चौकट दिसली की मी वही मिटून टाकायचो. कितीदा पत्र लिहायला बसलो आणि कागद फाडले. आता कळवून तरी काय होणार होतं? दिवाळीत गेलो तर ती गोधडी शिवता शिवता पोटाशी बोलत होती, "ऐकतंस ना रं?" मला तिथे बसवेना. धक्क्यावर जाऊन अगरदांड्याकडे जाणाऱ्या होड्या बघत राहिलो.

मुलगी झाली. सुट्टीत गेलो तेव्हा ती महिन्याची होती. घरात सगळे निर्धास्त, भीती काय ती माझ्या एकट्याची. पाळण्यामागे उभा राहून टाळी वाजवायला हात उचलायचो आणि खाली घ्यायचो. शेवटी आत्याच्या हातून पितळी परात निसटली. पोर दचकून किंचाळली. दारात खेळणाऱ्या तिच्या भावाने मानही वळवली नाही. मी भिंतीला टेकून रडलो.

बहीण म्हणाली, "तुजं खरं झालं बग. आता दोन ऱ्हायले."

मग मात्र सगळं सांगितलं. प्रत्येक खेपेला चारात एक. मागच्या वेळी होतं तेवढंच, पुढच्या वेळीही तेवढंच.

"म्हंजे हिच्या टायमाला बी?"

"होय."

"आनि तुला ठावं व्हतं?"

तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल. ती हळूच म्हणाली, "तवा गप ऱ्हायलास, तसाच आता बी ऱ्हायला असतास तर बरं व्हतं."

तिच्या घरी पुन्हा पाळणा हलला नाही. मुलगी चांगली दहा वर्षांची झाली तरी बहीण काम नसताना तिला पाठीमागून हाक मारायची, आणि पोर वळून बघेपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा.