पुठ्ठ्यावर जन्मलेला सहायक

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते देवघरातल्या निर्माल्यासारखे साचतात. परडी रोज रिकामी करावी, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो ती पुन्हा भरलेली! मयूरीच्या कार्यालयात मी गेलो होतो ते केवळ चार वाक्यांचे मराठी तपासायला. तिथे मला परडीही अपुरी पडली.

मयूरी माझी जुनी विद्यार्थिनी. मी सिल्वासाच्या मराठी शाळेत शिकवण्यासाठी कोकणातून आलो आणि इथलाच होऊन गेलो. ती पुण्याला शिकली, नोकरीला लागली. पण वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून परत आली. जिग्नेश नावाच्या गुजराती भागीदाराबरोबर तिने दोन खोल्यांत कंपनी थाटली. काम एकच हाती होते: जवळच्या गलोंडा गावातल्या एका सूत कारखान्यासाठी एआय सहायक तयार करायचा. कामगाराने टॅब्लेटसमोर उभे राहून बोलावे. रजा, शिफ्ट, सुरक्षेचे नियम, जे अडले ते विचारावे. आणि सहायकाने उत्तर द्यावे.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांची अटही एकच होती. शेवटच्या चाचणीच्या दिवशी निदान दहा कामगारांनी, कोणी न सांगता, आपण होऊन त्याला प्रश्न विचारले पाहिजेत. नाहीतर काम बंद. काम बंद म्हणजे कंपनी बंद, मयूरीला पुन्हा पुण्याची वाट, आणि आई इथे एकटी. मयूरीच्या चेहऱ्यावर ही अट सतत लिहिलेली असे.

०००

पहिला प्रोटोटाइप पुठ्ठ्याचा होता! मयूरीने पुठ्ठ्यावर स्क्रीन रेखाटली होती. मी त्या स्क्रीनवर बोट ठेवून प्रश्न विचारायचा, आणि टेबलाआड बसलेल्या जिग्नेशने योग्य उत्तराची चिठ्ठी पुढे सरकवायची. "गुरुजी, जिग्नेशकडे पाहू नका. तो सध्या यंत्र आहे," मयूरीने बजावले.

मी गंभीरपणे सांगितले, "मला मंगळवारी रजा हवी आहे." चिठ्ठी आली: कारण सांगा. मी म्हणालो, "घरी सत्यनारायण आहे."

टेबलाआड नुसती कागदांची सळसळ. चिठ्ठी येईना. शेवटी एक डोके वर आले. "गुरुजी, माझ्याकडे ताप छे, लग्न छे, गावी जायचं छे. सत्यनारायण नथी. प्रसाद आणणार असाल तर मंजूर!"

०००

स्वागताचे वाक्य मी लिहिले होते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता: "नमस्कार. आपली कोणती सेवा करण्याचे भाग्य मला लाभेल?"

कारखान्यातून चाचणीसाठी पहिल्या आल्या त्या वनिताबाई. जळगावकडच्या, मशीनवर बरीच वर्षे काढलेल्या. स्क्रीनवरचे वाक्य त्यांनी वाचले आणि हात जोडून उभ्याच राहिल्या. दोन मिनिटे गेली, पाच गेली.

"ताई, बोला ना काहीतरी," मयूरी म्हणाली.

"काय बोलू माय? माह्या हातून काय चूक झाली ते आधी सांगा."

"चूक? कसली चूक?"

"आमच्या कंपनीत इतकं गोड कोनी बोललं, की त्याच्यामागून मेमो येतो!"

त्या दिवशी घरी जाऊन मी बराच वेळ देवापुढे बसलो. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, की संतांनी देवालाही साध्या बोलीत हाक मारली. आणि मी मात्र एका यंत्राला दरबारी पोशाख चढवला होता. दुसऱ्या दिवशी ते वाक्य झाले: "काय अडलंय, ताई?" ते वाचताच वनिताबाई जे बोलू लागल्या, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबल्या नाहीत.

०००

पुढचे विघ्न तीन ठिपक्यांचे. सहायक उत्तर शोधत असताना स्क्रीनवर तीन ठिपके लुकलुकत. सगळ्या जगात असेच असते, असे जिग्नेशने मला समजावले होते.

वनिताबाईंनी प्रश्न विचारला. ठिपके लुकलुकले. त्याबरोबर बाई ताडकन उठल्या, टॅब्लेट उचलला, उलटा केला आणि मागून, बाजूने बोटे फिरवू लागल्या.

"अरे बेन, शुं करो छो? पडेल ते!" जिग्नेश ओरडला.

"धागा तुटला ना! दिसत नाही का तुला?"

त्यांच्या मशीनवर धागा तुटला, की त्या जागचा दिवा लुकलुकतो आणि बाईने धावत जाऊन गाठ मारायची असते. हाताला लागलेले वळण ते! जिग्नेशने ठिपके काढले आणि त्या जागी संथपणे फिरणारे सुताचे बॉबिन ठेवले. आता उत्तराला कितीही वेळ लागो, बाया निवांत. बॉबिन फिरतेय म्हणजे काम चालले आहे!

०००

प्रत्येक उत्तराखाली अंगठ्याची दोन चित्रे होती. उत्तर आवडले तर वरचा अंगठा दाबायचा, चुकले तर खालचा. आठवडाभराने जिग्नेश नाचतच आला. "मयूरीबेन, सगळे अंगठे वर! एकही खाली नाही!"

मयूरीने उत्तरे तपासली, तर निम्मी चुकलेली. एकाने रजेविषयी विचारले होते, त्याला हेल्मेटचा नियम सांगितला होता. त्यानेही अंगठा वर!

तिने वनिताबाईंना विचारले, "ताई, उत्तर चुकीचं होतं, मग वरचा अंगठा का दाबला?"

बाईंनी तिच्याकडे असे पाहिले, जणू तिचे काळीज कशाचे बनले आहे ते तपासत आहेत. "नवीन लागलंय बिचारं. शिकाऊ आहे. आम्ही अंगठा खाली केला, तर त्याला काढतील ना!"

मयूरीला हसावे की रडावे कळेना. तिने अंगठे पुसले आणि एकच बटण ठेवले: "चुकलं, समजावून सांगा." त्या दिवसापासून चाचणीला येणारा प्रत्येकजण त्याचा गुरू झाला.

०००

मग शेवटच्या चाचणीचा दिवस उजाडला. त्याआधी मयूरीचा साहेबांशी एक वाद झाला होता. साहेब म्हणाले, "आमच्या कंपनीचं यंत्र 'माहीत नाही' असं म्हणणार? आमची काय इज्जत राहील?" मयूरी म्हणाली, "सर, खोटं सांगण्यापेक्षा ते बरं. ज्याला माहीत आहे त्याच्याकडे तो प्रश्न पाठवील." "ज्याला म्हणजे कोणाला?" "तुम्हाला." साहेब मोठ्याने हसले. "पाठवा खुशाल. माझ्याकडे कधी कोणाचे प्रश्न येतच नाहीत!"

दुपारी शिफ्ट बदलली. टॅब्लेट कॅन्टीनच्या भिंतीवर लावला होता. साहेब खुर्ची टाकून बसले. बाया डबे घेऊन येत, साहेबांना पाहत आणि मान खाली घालून पुढे जात. कोणी थांबेना. मयूरीच्या ओढणीच्या टोकाला पीळ पडत चालला. मी मनात नामस्मरण सुरू केले.

वनिताबाई आल्या. टॅब्लेटसमोर उभ्या राहिल्या आणि भर कॅन्टीनमध्ये म्हणाल्या, "मशीन सोडून बाथरूमला जायचं असलं, तर कोनाला इचारायचं? सुपरवायझर पुरुष आहे, लाज वाटते. म्हनून आम्ही दिवसभर पानीच पीत नाही."

सहायक म्हणाला, "ताई, याचा नियम मला कुठे सापडला नाही. उगाच काहीतरी सांगणार नाही. साहेबांना विचारतो."

साहेबांच्या खिशातला फोन वाजला.

त्यांनी वाचले. पुन्हा वाचले. चष्मा पुसला. मग हळूच मयूरीला म्हणाले, "विचारायची गरज नाही, असं सांग त्यांना."

"सर, मला नको. फोनला सांगा. ताई वाट पाहताहेत."

साहेबांनी फोन तोंडाजवळ नेला. क्षणभराने भिंतीवरून आवाज आला: "ताई, साहेब म्हणतात, कोणाला विचारू नका. शेजारणीला सांगून जा."

डबे खाली ठेवल्याचे आवाज झाले. एक बाई वनिताबाईंच्या मागे उभी राहिली. मग दुसरी. मग चौघीजणी एकदम. मग रांगच लागली, आणि एकीमागून एकीचे प्रश्न. कोणी काही सांगितले नाही, कोणी बोलावले नाही. जिग्नेश बोटांवर मोजत होता, एकाएकी तो पुटपुटला, "मयूरीबेन, दस थई गया!" मयूरीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती भिंतीला टेकून डोळे टिपत होती.

आणि त्या बायांच्या बहुतेक प्रश्नांचे नियम कुठेच लिहिलेले नव्हते. साहेबांचा फोन पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. साहेब तो तोंडापाशी नेत, काही न सुचून खाली आणत.

वनिताबाईंना राहवेना. त्या जवळ गेल्या आणि शिकाऊ पोरीला सांगावे तशा मायेने म्हणाल्या, "सांगा साहेब, लाजू नका. पहिल्या दिवशी आमालेबी बोलता येत नव्हतं!"