टाकीतली हवा

माझं शेवटचं पोस्टिंग माझ्याच गावी झालं. तंजावूरबाहेरची छावणी, पाण्याचा प्लांट. मी इंजिनिअर्समधला हवालदार. घर राजवाड्यामागच्या गल्लीत; घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. प्लांट नायब सुभेदार सेल्वम यांच्या ताब्यात होता.

रोज ०६०० वाजता कार्बन फिल्टर उलट्या पाण्याने धुवायचा. साहेब सांगत, "कार्बन क्लोरीन शोषतो. मग जंतूंना आवरायला कोणी उरत नाही. आत पाणी साचू द्यायचं नाही." टाकीला आतून रबराचं अस्तर होतं. ते फाटलं, की ओला कार्बन पोलादाला टेकतो आणि पोलाद कुरतडतो. साहेब बाहेरून बोटांनी टकटक करून पत्रा कुठे पातळ झालाय ते सांगत. मी यंत्राने मोजून पाहायचो. त्यांचंच बरोबर निघायचं.

एका सकाळी पाणी तांबूस आलं. अस्तर गेलं होतं. टाकीतलं पाणी काढून वरचं झाकण उघडलं.

"कोणी उतरायचं नाही," साहेब म्हणाले. "ओला कार्बन हवेतला ऑक्सिजन खातो. आधी हवा मोजायचा मीटर येऊ दे."

०९२० ला, बाहेरून आलेला फिटर राजेंद्रन अस्तर बघायला वाकला आणि शिडीने उतरलाच. कार्बनवर पाय टेकले आणि तो कोसळला. धूर नाही, वास नाही, हाक नाही.

मी वायरलेस उचलला. "कंट्रोल, प्लांट. माणूस टाकीत पडलाय. श्वासाचा बीए सेट पाठवा. ओव्हर."

"पाच मिनिटं. आउट."

"तेवढा वेळ नाही त्याच्याकडे," साहेब म्हणाले.

दोर एकच होता. त्याचं टोक घेऊन, छातीभर श्वास भरून ते उतरले. श्वास रोखूनच त्यांनी राजेंद्रनच्या काखेखालून दोर घातला, गाठ मारली, ओढून तपासली. मग उरलेला श्वास खर्चून वर ओरडले, "इळु!" ओढ.

मी आणि प्लांटवरच्या दोन जवानांनी राजेंद्रनला बाहेर काढलं. दोर परत सोडला, तेव्हा साहेब शिडीच्या तळाशी पायरी धरून बसले होते. हात वर आला नाही.

बीए सेट ०९२६ ला आला. राजेंद्रन वाचला. साहेब गेले.

दरवर्षी त्या दिवशी मी आणि राजेंद्रन कालव्याकाठच्या त्यांच्या गावी जातो. पहिल्या वर्षी त्यांच्या पत्नीने विचारलं, "ते घाबरले होते का?"

मी म्हणालो, "अक्का, आत काय आहे हे आमच्यापैकी फक्त त्यांनाच पुरतं ठाऊक होतं."

त्यांनी पानं मांडली. राजेंद्रनला त्यांनी आधी वाढलं.