शेपटीचं मांस

एवारिस्तो किलोद्रानची जनावरं जाड असतात. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रारीनंही नाही. आमच्या संग्रहालयात तिकिटं फाडायचं काम मी एकोणीस वर्षं करतेय, आणि तितकीच वर्षं तो दर रविवारी येऊन डायनासोरच्या हाडांसमोर स्टूल टाकून चित्रं काढत बसतो. बाकीचे सहा दिवस तो खाटीक. डायनासोर काढायला तो कुठे शिकलेला नाही. मांस कापायला शिकलाय, आणि त्याच्या मते दोन्ही एकच काम आहे, फक्त उलट्या बाजूनं.

कागदाला हात लावण्याआधी तो हाडावरून अंगठा फिरवतो. तिथे 'हात लावू नये' अशी पाटी आहे. ती त्यानंच रंगवून दिलीय. हाड जिथे खरखरीत लागतं तिथे मांस धरलेलं होतं, जिथे गुळगुळीत तिथे नुसतं टेकलेलं. मग आधी हाड, त्यावर मांस, त्यावर चरबी आणि शेवटी कातडी. पुस्तकांतले डायनासोर बघून त्याचं डोकं फिरतं. "अरे, ह्याच्या बरगड्या मोजता येतायत! असला बैल कुणी आणला तर मी आधी जनावरांच्या डॉक्टरला बोलावीन."

गावातले लोक त्याची चित्रं बघून म्हणायचे, "एवारिस्तो, ह्याचा खुराक तुझ्याच दुकानातून जातो वाटतं."

"तो पाला खायचा," एवारिस्तो गंभीरपणे सांगायचा.

तीन वर्षांपूर्वी गावामागच्या लाल टेकडीत एक मोठा सापडला. माझ्याहून उंच मांडीचं हाड, कंबर आणि शेपटीचे अकरा मणके. मुंडकं नाही. आमच्या भागात मुंडकी सहसा सापडत नाहीत; नगरपालिकेतही तीच अडचण आहे. हाडांसाठी नवं दालन बांधलं, आणि मागची अकरा मीटरची भिंत चित्रासाठी एवारिस्तोला द्यायचं ठरलं. त्या दिवसापासून तो दुकानात शीळ घालायला लागला. त्याला ती भिंत हवी होती. आयुष्यात त्यानं दुसरं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

दोन महिने तो रंगवत होता. जनावर भरदार झालं, पोट असं की बघून समाधान वाटावं. मुंडकं त्यानं एका झाडामागे लपवलं. "सापडलं नाही ते मी काढत नाही," म्हणाला. नगराध्यक्ष रोम्बोला येऊन फोटो काढून गेले आणि उद्घाटनासाठी दोन हजार पत्रकं छापून घेतली.

उद्घाटनाला आठवडा उरला असताना डॉक्टर मायलेन आली. हाडं तिनंच खणून काढलेली. तिशीची मुलगी, पण ती बोलायला लागली की आम्ही म्हातारी माणसं सरळ बसतो. मी माते, आमचा पाल्याचा कडू चहा, करून दिला. ती नळीनं घोट घेत भिंत बघत राहिली.

"पोट छान जमलंय, डॉन एवारिस्तो. आणि ही शेपूट?"

"बैलाची असते तशी. जरा मोठी."

"दुकानात शेपटीचं काय करता तुम्ही?"

"रश्श्याला देतो. त्यात असतंय काय!"

"बरं. मांडीच्या हाडावर मागे हा उंचवटा आहे. तुम्ही दर वेळी नीट काढता. त्याला कुठलं मांस धरलं होतं?"

एवारिस्तोनं उंचवट्यावर अंगठा ठेवला. तो खरखरीत होता. मी माते पुढे केला तो त्यानं घेतला आणि तसाच धरून उभा राहिला. आमच्यात माते असा अडवून धरत नाहीत; एकच भांडं सगळ्यांत फिरतं.

"बैलाला हे नसतं," तो शेवटी म्हणाला.

"नसतं," मायलेन म्हणाली, आणि पुढे काही न सांगता टेकडीकडे निघून गेली. मला तिचा भयंकर राग आला. सांगून टाकायचं ना, बाई!

दुसऱ्या दिवशी मी अर्धा किलो मांस आणायला गेले तर एवारिस्तोच्या लाकडी ठोकळ्यावर मातुआस्तो पडलेला. हा आमच्याकडचा जाड मानेचा सरडा. विषारी नाही, पण सगळे विषारी समजून लांब राहतात. रस्त्यावर ट्रकखाली आलेला एवारिस्तोनं उचलून आणला होता. शेपटीची कातडी सोलून त्यानं आतला एक गुलाबी पट्टा मोकळा केला होता. शेपटीतून निघून थेट मांडीच्या हाडात गेलेला.

"फेलिसा, बघ," म्हणाला, आणि त्यानं पट्टा ओढला.

मेलेल्या सरड्यानं पाय मागे झाडला. मी किंचाळले. त्यानं पुन्हा ओढला, पाय पुन्हा मागे झाडला गेला.

"हा शेपटीनं चालतो," एवारिस्तो म्हणाला. "तोही शेपटीनंच चालायचा. आणि मी एकोणीस वर्षं त्याला रश्श्यात घालतोय."

मी अर्धा किलो मागितलं. त्यानं न जोखताच बांधून दिलं.

शेपूट नव्यानं काढायची म्हटल्यावर रोम्बोलासाहेब भडकले. पत्रकांवर बारीक शेपूट छापून झाली होती. मायलेननं हाड दाखवलं, उंचवटा दाखवला, सरडासुद्धा दाखवला.

"डॉक्टरीणबाई, हाडं प्रांताची, म्हणजे तुमची," ते म्हणाले. "भिंत नगरपालिकेची, म्हणजे माझी. शेपटीला कुणी हात लावला तर वर छापील चित्र चिकटवीन, मग बसा."

एवारिस्तो टोपी हातात धरून ऐकत होता. ते गेल्यावर माझ्या टेबलाशी आला.

"तू दुपारी झोपायला जातेस ना?"

आमच्या गावात एक ते पाच कुत्रंही जागं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, "भिंत जाईल तुझी, वेड्या."

"जाईल."

"मग कशाला करतोस?"

"मला ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी दुपारी घरी गेले. किल्ली दारातच राहिली. वयानुसार विसरायला होतं.

रविवारी रोम्बोलासाहेबांनी भाषण करून भिंतीवरचं कापड ओढलं. मग हातातलं पत्रक बघितलं, भिंत बघितली, पुन्हा पत्रक बघितलं. शेपूट कमरेपाशी जनावराच्याच मांडीएवढी जाड होती आणि तिथून सावकाश निमुळती होत गेली होती. पहिल्यांदाच ते जनावर आता पाऊल उचलेल असं वाटत होतं. मला रडू आलं. मायलेन एकटीच टाळ्या वाजवत होती.

"शेपूट सुजलीय," रोम्बोला म्हणाले.

"सुजली नाही, साहेब. भरली," एवारिस्तो म्हणाला.

दहा दिवसांत प्लॅस्टिकवर छापलेलं अकरा मीटरचं चित्र आलं. पत्रकावरचंच ते, एवारिस्तोचं जुनं, बारीक शेपटीचं; आणि खाली हातभर अक्षरांत त्याचं नाव. भिंतीवर त्यानं नाव घातलंच नव्हतं. माणसाची चूक त्याच्याच नावानं त्याच्या बरोबर कामावर चिकटवायची, हे सुचायला नगराध्यक्षच व्हावं लागतं.

एवारिस्तो अजून रविवारी येतो, स्टूल टाकतो आणि आपल्या नावासमोर बसतो. शीळ मात्र बंद आहे.

आमची हवा कोरडी, वाऱ्याला तर काही धरबंधच नाही. गोंद टिकत नाही. गेल्या महिन्यात प्लॅस्टिकचा उजवा कोपरा सुटला, शेपटीकडचा. कोपरा सुटल्यास लगेच चिकटवणे हे काम तिकीटवालीचं, असा लेखी हुकूम मला आला आणि सोबत गोंदाचा डबाही. काल ते मांडीपर्यंत सुटलं होतं. एवारिस्तोनं स्टूल चार हात उजवीकडे सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं. डबा टेबलाखाली आहे. मला अजून वेळ मिळालेला नाही.