वच्छलाबाईंची राखण

कोंबडी अंड्यांवर बसवावी तर करमाडच्या वच्छलाबाईंनी. त्यांनी खुडूक कोंबडीखाली ठेवलेलं अंडं सहसा वाया जात नसे, आणि ही गोष्ट त्या येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच सांगत. धाकटी रेणुका एम.एस्सी. करून माळावरच्या पाखरांवर संशोधन करू लागली, तिला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा बाई गावभर सांगत सुटल्या, "माझाच गुण उचलला पोरीनं!"

शहरात गारखेड्याला घेतलेल्या खोलीच्या भाड्यापासून स्कूटीच्या पेट्रोलपर्यंत रेणुकाचं सगळं त्या शिष्यवृत्तीवर चाले, आणि ती दरवर्षी नव्यानं मंजूर व्हावी लागे. शेंद्र्याकडून कारखाने सरकत आले तसा माळ आक्रसला होता. यंदा शोधशोधून धाविक पक्ष्याचं एकच घरटं सापडलं. घरटं कसलं, उघड्या जमिनीवर दोन ठिपकेदार अंडी. शिष्यवृत्तीची शिफारस करणारे पुण्याचे सर येऊन ते बघणार, मगच पुढचं वर्ष मंजूर.

"मी सरांना घेऊन येते. तवर कुत्री फिरकू देऊ नको," असं आईला सांगून रेणुका गेली. लांबूनच बस, एवढं सांगायचं घाईत राहून गेलं.

वच्छलाबाई अर्धवट काम करणाऱ्या नव्हेत. डोक्यावर पदर, हातात काठी, आणि बैठक थेट अंड्यांशेजारी. मादी दूरवर तुरुतुरु पळत राहिली, जवळ काही येईना. ऊन चढलं, दगड तापले. बाईंना तिचा भयंकर राग आला. पोटची अंडी अशी उन्हात टाकून हिंडते म्हणजे काय! शेवटी त्यांनी अंडी ओटीत घेतली आणि घरी नेऊन कोंबडीखाली ठेवली. तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

सर आल्यावर बाईंनी मोठ्या हौसेनं टोपलीतली कोंबडी उचलली. "बघा साहेब, सावलीत ठिवलीत."

कोंबडीच्या वजनानं दोन्ही चिमुकली अंडी फुटली होती.

रेणुका खाली वाकून टरफलं वेचू लागली. ती ओरडली असती तर बाईंना सोसलं असतं. सर भला माणूस. ते म्हणाले, "तुम्ही मायेनंच केलंत हो. पण घरटंच नाही, तर मी शिफारस कशाची करू?"

निदान जागा तरी बघू म्हणून तिघं माळाकडे निघाली. रेणुकानं दोघांना बांधावरच थांबवलं. थोड्या वेळानं मादी आली. इकडंतिकडं पाहून त्या रिकाम्या जागेवर पिसं फुगवून बसली.

वच्छलाबाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी व्हते म्हणून येत नव्हती व्हय गं?"

"व्हय, आई," रेणुका म्हणाली.