वायर काढली तरी उसळणारी रेघ

मालनताई भांडुपची. बाप गिरणीतला आणि ही साकीनाक्याच्या आमच्या युनिटमध्ये अठरा वर्षं सिलिकॉनच्या चकत्यांवर फिल्म चढवते. हवा काढलेल्या डब्यात चकती ठेवायची आणि तिच्यावर केसाहून पातळ थर बसवायचा. त्या थराला वीज दिली की तो आखडतो आणि वरची इवलीशी पट्टी हलते. थेंब थेंब औषध सोडणारे पंप त्यावर चालतात. उलटंही होतं, पट्टी हलली की थरच वीज देतो. अठरा वर्षांत आपली एकही बॅच परत आली नाही, हे ती ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला ऐकवते. फार मिरवते बाई! पण आहे ते खरं.

मी सेराफिना, मरोळ गावठाणातली. तिने चढवायचं, मी तपासायचं.

गेल्या मंगळवारी दुपारी मी तपासणीच्या टेबलावर चकती लावली. मालनताई समोर त्याच टेबलावर कोपरं टेकून बसली होती. हल्ली जिना चढली की तिला धाप लागते. विचारलं तर म्हणते, "अ‍ॅसिडिटी गं."

मी अजून वीज दिलीच नव्हती, तरी स्क्रीनवर पट्टीची हालचाल दाखवणारी रेघ उसळली. वीज देणारी वायर काढून टाकली. तरी उसळतेच आहे! दोनदा उसळायची, मध्येच थांबायची, परत सुरू. याच टेबलावर काम करणारा भाऊराव दिवाळीत वारला होता. जेजू! एवढ्या एसीत मला घाम फुटला आणि मी क्रुसाची खूण केली.

देवेश सर, आमचे इंजिनियर, बघून म्हणाले, "फिल्मच खराब आहे. बॅच फेकून द्या."

"खराब? डोंबल!" मालनताई भडकली. "तुमचं टेबल हलत असेल."

"दगडी टेबल आहे, ताई, पायांखाली हवेच्या उशा. खाली रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलत नाही."

ती तावातावाने वायरी बघायला उठली आणि रेघ आडवी पडली. परत येऊन टेकली तर रेघ उसळली. मग तिने आपल्याच मनगटावर बोट ठेवलं.

"अगं बाई! सर, ही तर माझी नाडी! एवढीशी थरथर पकडते माझी फिल्म, आणि तुम्ही खराब म्हणता?"

काय खुलली होती! तेवढ्यात रेघ पुन्हा थांबली. एक, दोन, तीन... मग उसळली. तिला उठवून मी माझी कोपरं टेकली. माझी रेघ एकसारखी चालली. फिल्ममध्ये काहीच खोट नव्हती.

ती परत खुर्चीवर बसली, टेबलाला टेकली. सरांनी अँब्युलन्सला फोन लावला. गाडी आली तरी बाई उठेल तर शप्पथ! एक हात टेबलावर तसाच ठेवून तिने बॅचचा कागद ओढला, "पास" लिहिलं आणि सही केली.

"चल ना गं आता," मी ओरडलेच तिच्यावर. मला रडू येत होतं.

"सेरा, खूप भीती वाटतेय गं. मी उठले की ती रेघ आडवी पडणार. आधी स्क्रीन बंद कर."

मी बंद केली.